मोकळे केले

जनकाबाईने आयुष्यात पहिलं अक्षर ओळखलं ते पोत्यावरचं. रोहिणखेडच्या मशिदीमागे मिरचीचं मोठं खळं होतं. दिवाळी सरली की आजूबाजूच्या शेतांतली लाल मिरची तिथे वाळायला पडायची, आणि पंधरा-वीस बाया दिवसभर बसून तिचे देठ खुडायच्या. खुडलेली मिरची पोत्यांत भरून मलकापूरला जायची. पोत्यांवर काळ्या रंगाने गावाचं नाव, मालाचं नाव उमटवलेलं असायचं. देठ खुडता खुडता जनकाबाई त्या काळ्या खुणांकडे बघत राहायची. पुढे गावात मोठ्या माणसांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा तिला आधीच दहा अक्षरं येत होती, आणि ती सगळी मलकापूर, मिरची आणि रोहिणखेड या तीन शब्दांतली होती. मास्तर हसले. ती हसली नाही. उरलेली अक्षरं तिने दोन महिन्यांत काबीज केली.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाची ही गोष्ट. तोवर जनकाबाई खळ्यावरची वाचणारी झाली होती. ती पालथ्या टोपलीवर बसायची आणि मोठ्याने वाचायची. पान उलटलं की प्रत्येक बाई आपल्यातली एक मूठ खुडलेली मिरची तिच्या टोपलीत टाकायची, म्हणजे तिचंही काम भरून यायचं. बाया तिला मास्तरीनबाई म्हणायच्या, थोडं चिडवून, थोडं मानाने. तिचा आवाज खर्जातला होता. मिरचीच्या तिखट धुळीने इतरांना ठसका लागायचा; तिला वाचताना कधी लागला नाही.

एका गोष्टीचा तिला फार अभिमान होता. पुस्तकात असेल तेच तिच्या तोंडून निघायचं. एखादा शब्द कळला नाही, तरी ती त्याच्या जागी दुसरा घालायची नाही. "माह्या पदरचं काही नसते यात," ती म्हणायची. "लिहिलेलं तुमच्या कानापर्यंत आनून टाकनं, एवढंच माहं काम."

त्या हंगामात कय्यूमने मलकापूरहून एक पुस्तक आणलं. कय्यूम खळ्याची पोती गाडीतून स्टेशनावर न्यायचा. येताना त्याने एका फेरीवाल्याकडून पोरासोरांसाठी लिहिलेली एक बारीकशी कादंबरी आणली होती. सावळगडच्या जयपालची कथा. जयपाल सोळा वर्षांचा. त्याचा बाप गडाचा रखवालदार होता. तिघांनी मिळून त्याला कड्यावरून खाली लोटलं. जयपाल त्या तिघांचा सूड घेतो, आणि एका पुस्तकात एकाचाच. पहिल्या पुस्तकाचं नाव 'जळता बुरूज'. त्यात जयपाल पहिल्या माणसाची धान्याची कोठारं पेटवून देतो आणि त्याला भिकेला लावतो.

पुस्तक पोरांसाठी होतं, पण खळ्यावरच्या बाया त्यात अशा गुंतल्या की हात थांबायचे. मुकादम उकंडराव लांबून ओरडायचा तेव्हा कुठे पुन्हा देठ तुटायला लागायचे.

ऐकणाऱ्यांत चांगुणा नावाची एक मुलगी होती. वय सतरा-अठरा. ती कधी हसायची नाही, मध्ये बोलायची नाही. फक्त वाचन थांबलं की एखादा बारीक प्रश्न विचारायची. कोठाराला आग कोणत्या बाजूने लावली? वारा कोणीकडचा होता?

पुस्तक संपलं आणि आठ दिवसांनी, दिवेलागणीला, तुळशीराम नावाच्या माणसाची कडब्याची गंजी पेटली. वर्षभराची वैरण तासाभरात राख झाली. लोक म्हणाले, कोणाची तरी विडी पडली असेल.

दुसरं पुस्तक पौषात आलं. 'दारातली माती'. जयपाल दुसऱ्या माणसाच्या उंबऱ्यावर रोज एक मूठ माती ठेवतो, ज्या मातीवर बाप पडला तीच. तो माणूस भीतीने खंगतो आणि मुलूख सोडून निघून जातो. हे वाचून दोन आठवडेही झाले नसतील, गावात कुजबुज सुरू झाली. पंजाबराव नावाच्या माणसाच्या उंबऱ्यावर रोज सकाळी विहिरीतल्या गाळाचा गोळा सापडतो. ओला, करडा. पंजाबरावाने राखण ठेवली, कुत्रा बांधला, तरी गोळा चुकला नाही. अकराव्या दिवशी त्याने बायकापोरं घेतली आणि लोणारला सासुरवाडीला निघून गेला.

त्या सकाळी चांगुणा जनकाबाईच्या शेजारी बसली होती. खळ्यावरच्या सगळ्या बायांची नखं मिरचीने लाल असतात. चांगुणाच्या नखांत लालीच्या खाली करडी रेघ होती.

जनकाबाईचं वाचन त्या दिवशी पहिल्यांदा अडखळलं.

कारण तुळशीराम आणि पंजाबराव ही दोन नावं एकत्र घेतली की गावातल्या कोणालाही तिसरं नाव आपोआप आठवलं असतं. तीन वर्षांपूर्वी खळ्याच्याच विहिरीचा गाळ काढायला चांगुणाचा भाऊ अर्जुन खाली उतरला होता. वर दोर धरायला तिघं होते. तुळशीराम, पंजाबराव आणि त्यांच्यापुढे उभा उकंडराव. अर्जुन निम्म्यात असताना दोर सुटला. तिघांनी सांगितलं, हातातून निसटला. पंचनाम्यातही तेच उतरलं. पण अर्जुनला वर काढल्यावर चौदा वर्षांची चांगुणा त्या तिघांच्या हातांकडे बघत राहिली होती. दोर निसटतो तेव्हा तळहात सोलवटून निघतात. त्या तिघांचे तळहात स्वच्छ होते. तिने ते त्या वेळी आईला सांगितलं, आणि आईने तिच्या तोंडावर हात ठेवला.

आता उरला होता उकंडराव आणि एक पुस्तक.

ते लवकर आलं नाही. माघ गेला. कय्यूम परत आला की बाया गाडीला गराडा घालायच्या, आणि तो हात हलवून नाही म्हणायचा. जनकाबाई मनातल्या मनात देवाला सांगायची, ते छापायचंच राहू दे. पण दुपारी टोपलीवर बसली की तिलाच चैन पडायचं नाही. तिसऱ्या माणसाचं काय झालं हे तिलाही हवं होतं. या गोष्टीची तिला लाज वाटायची.

मधल्या काळात उकंडराव बदलला होता. तो कोणाला तोंड उचलून काही म्हणाला नाही, पण पाठ भिंतीला लावून बसू लागला. गावात आपण भ्यालो अशी बोलवा होते आहे हे त्याच्या कानावर गेलं असावं. फाल्गुनात विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि तीन वर्षं साठलेला गाळ काढायची वेळ आली, तेव्हा त्याने भर खळ्यात जाहीर केलं की येत्या शनिवारी आपण स्वतः विहिरीत उतरणार. दोर धरायला गावातला एकही बाप्या तयार होईना. काही झालं तर आपल्यावर यायचं. उकंडराव हसला. "बाया धरतीन," तो म्हणाला. "बायाइले काय, मिरचीचं पोतं वढलं काय अन् मले वढलं काय."

सहा बाया ठरल्या. पहिलं नाव चांगुणाने स्वतःहून दिलं.

आणि गुरुवारी कय्यूमची गाडी आली. त्याने टोपीखालून पुस्तक काढलं. 'वडाखालची भेट'. जयपालचा तिसरा आणि शेवटचा भाग.

जनकाबाईने ते कोणाला हात लावू दिलं नाही. डोळे आल्याचं निमित्त सांगून ती घरी गेली, दार लोटलं आणि उंबऱ्यातल्या उजेडात पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात वाचून काढलं. शेवट रक्ताचा असला तर काय करायचं? पुस्तक चुलीत घालायचं? की जन्मात पहिल्यांदा पदरचं वाचायचं?

तिसरा माणूस भुजंगराव. त्याच्याच फितूर साथीदारांनी त्याला कड्याखालच्या वडाला करकचून बांधून टाकलेलं असतं. जयपाल तिथे पोचतो. शेवटच्या चार ओळी जनकाबाईने बोट ठेवून वाचल्या.

'जयपालने तलवार उपसली. क्षणभर त्याने आकाशाकडे पाहिले. बापाचा चेहरा त्याला दिसला. मग त्याने भुजंगरावाला मोकळे केले.'

खाली 'समाप्त'.

जनकाबाईला रडू आलं. सोडला. पोराने सोडला त्याला. लिहिणारा भला माणूस होता. तिला काही जाळावं लागणार नव्हतं, काही खोटं बोलावं लागणार नव्हतं. जे लिहिलं आहे तेच वाचायचं, आणि ते लिहिलेलंच चांगुणाचा हात धरेल. तिने डोळे पुसले, पुस्तक पदरात गुंडाळलं आणि खळ्यावर गेली.

दुपारभर तिने वाचलं. इतकं चांगलं तिने कधीच वाचलं नव्हतं. शेवटच्या चार ओळींना तिचा आवाज अगदी खाली गेला आणि 'मोकळे केले' हे शब्द तिने एकेक करून, जपून खाली ठेवले.

मग खुर्शीदाने सुस्कारा सोडला. खुर्शीदा तिची जुनी मैत्रीण, तोंडाने फटकळ. ती समाधानाने म्हणाली, "चला. मेला मुर्दा."

जनकाबाईला आधी कळलंच नाही. "कोन मेला?"

"भुजंग्या. अजून कोन?"

"अवं, मोकळं केलं म्हन्ते तो. सोडलं त्याले."

"हाव ना, सोडलंच. या दुनियेतून."

बाया हसल्या. एकीने सांगितलं की तिची सासू दोन वर्षं अंथरुणावर होती, गेली तेव्हा सगळा गाव म्हणाला, बाई मोकळी झाली. दुसरी म्हणाली, आकाशाकडे कशाला पाहिलं असेल त्याने, मारणारा माणूसच आधी वर पाहतो. जनकाबाईने समजावायचा प्रयत्न केला. माणूस बांधलेला होता. बांधलेल्याला मोकळं करणं म्हणजे सोडणं, बैल मोकळा करतो तसं.

"बैलाचं दावं सोडाले तलवार लागते का वं, मास्तरीनबाई?" खुर्शीदाने विचारलं, आणि पुन्हा हशा पिकला.

चांगुणा हसली नाही. सगळ्यांचं बोलणं संपेपर्यंत ती थांबली. मग तिने विचारलं, "बाई, पुस्तकात 'सोडलं' असं लिहिलं हाय का?"

"नाही. मोकळे केले असं लिहिलं हाय. पन त्याचा अर्थ—"

"तो तुमचा अर्थ," चांगुणा शांतपणे म्हणाली. "तुमीच म्हन्ता, पदरचं नाही घालत."

इतकी वर्षं जपलेला शब्द असा तिच्याच गळ्याशी आला. एका ओळीसाठी तिने पुस्तक उलटंपालटं केलं. 'समाप्त'च्या पुढे पोटदुखीच्या औषधाची जाहिरात होती, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. चांगुणा सकाळीच तिच्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, शेवट पुन्हा वाचा. एकदाच. बाकीच्या बायाही सरकून आल्या.

जनकाबाईने रात्रीपासून ठरवलं होतं. अभिमान गेला चुलीत. उद्या सकाळी त्या पोरीच्या हातात एका माणसाचा जीव असणार होता, आणि तिचाही. कारण उकंडराव मेला तर तिला फासावर जावं लागलं असतं. दोन शब्द. फक्त दोन शब्द घालायचे, की कोणाला शंका उरू नये.

ती वाचू लागली. तलवार आली, आकाश आलं, बापाचा चेहरा आला. मग एक क्षण थांबून तिने वाचलं, "'मग त्याने दोर सोडून भुजंगरावाला मोकळे केले.'"

वाचता वाचताच तिच्या कानांनी ते ऐकलं.

दोर सोडून.

खुर्शीदाच्या हातातली मिरची हातातच राहिली. चांगुणाच्या चेहऱ्यावर एक शांतता पसरत गेली, तापातून उठलेल्या माणसाला घाम फुटतो तशी.

"हाव," ती म्हणाली. "आता बराबर समजलं. काल तुमी हे दोन शब्द गायले होते, बाई."

गायले म्हणजे गाळले, आणि जनकाबाई सांगू पाहत होती की गाळले नव्हते, आज घातले. पण तिच्या घशात पहिल्यांदाच मिरचीचा ठसका अडकला. ती खोकत राहिली. तोंड उघडेपर्यंत चांगुणा आपली टोपली घेऊन लांबच्या कोपऱ्यात निघून गेली होती.

शनिवारी सकाळी विहिरीवर उकंडराव आधीच आला होता. धोतर खोचलेलं, अंगात नुसती बंडी. चाकावरून दोर घातलेला, टोकाला बसायला फासा. सहा बाया दोराला ओळीने उभ्या. सगळ्यांत पुढे, विहिरीच्या कडेला, चांगुणा.

जनकाबाई सरळ मध्ये जाऊन उभी राहिली. सगळ्यांसमोर, मोठ्याने, वाचायच्या आवाजात तिने सांगितलं की काल आपण खोटं वाचलं. दोर सोडून हे शब्द पुस्तकात नाहीत. ते आपले आहेत. आपल्या पदरचे. असं करणारीच्या तोंडून यापुढे कोणी काही ऐकू नये.

बायांनी माना खाली घातल्या. उकंडरावाला काही समजलं नाही. "सकाळीसकाळी काय पुस्तक लावलं वं तुनं?" तो चिडून म्हणाला. "व्हय बाजूले." आणि तो फाशात बसला.

चांगुणा जनकाबाईकडे बघत होती. "मंग खरं काय हाय?" तिने विचारलं.

"मले नाही ठाऊक, पोरी. लिहिनाराले ठाऊक."

चांगुणाने मान हलवली, जणू एवढंच तिला हवं होतं. जनकाबाई ओळीच्या मागे गेली, दोराचं शेवटचं टोक उचललं आणि स्वतःच्या मनगटाला दोन वेढे देऊन उभी राहिली.

उकंडराव कडेवरून खाली गेला. दोर ताणला. हात, मग हात, मग हात. चाक कुरकुरत होतं. जनकाबाईला समोर फक्त चांगुणाची पाठ दिसत होती आणि चोळीवर पसरत चाललेला घामाचा डाग. निम्म्यावर दोर थांबला. चांगुणा थांबली होती. खालून उकंडराव ओरडला नाही. त्यालाही ती जागा ठाऊक होती. एखादा श्वास जाईल इतका वेळ. मग चांगुणाचा उजवा हात पुढे गेला आणि दोर पुन्हा खाली सरकू लागला.

शेवटी तो ढिला पडला. खालून चिखलात पाय रुतल्याचा आवाज आला आणि उकंडरावाची हाक, टोपलं सोडा.

चांगुणा मागे वळली. पाचही बायांना ओलांडून तिने जनकाबाईकडे पाहिलं.

"सोडा, बाई."

उकंडराव तळाशी उभा होता. धडधाकट होता. जनकाबाईने मनगटावरचे वेढे काढले. टोक तिच्या हातातून गेलं, बायांच्या हातांतून सरकलं, चाकावर एकदा उडालं आणि सगळा दोर विहिरीत गेला.

आधी शिव्या आल्या. मग हसू. मग नावं घेऊन हाका. विहिरीच्या बांधलेल्या कडांना कुठे पायरी नव्हती. चांगुणा कडेला बसली आणि आत वाकून, आवाज न चढवता विचारलं, "त्या दिवशी सोडा कोन म्हनलं होतं?"

दुपारपर्यंत उत्तर आलं नाही. बाया तिथेच, निंबाच्या सावलीत बसून राहिल्या. कोणी घरी गेलं नाही, कोणी दुसरा दोर आणला नाही; आपल्यावर यायला नको म्हणून बाप्ये त्या दिवशी तिकडे फिरकलेच नव्हते. गाळ ढवळल्याने झरे मोकळे झाले असावेत. उकंडरावाने ओरडून सांगितलं की पाणी घोट्याला आलं. मग पोटरीला. चांगुणाने दर वेळी तोच प्रश्न विचारला, तितक्याच हळू.

सूर्य कलला आणि विहिरीत अंधार भरला, तेव्हा खालून जो आवाज आला तो मुकादमाचा नव्हता. "म्या म्हनलं. दोन हात खाली जाऊ द्या म्हनलं, भेवाडू त्याले. लय टरटर करे तो. धरतीन वाटलं रे. दोघाइनंही सोडला अन् म्याही सोडला. जो तो समजे, दुसरा धरन."

चांगुणा बराच वेळ त्या अंधाराकडे बघत राहिली. पाणी गुडघ्याला आलं, असं खालून कोणी तरी रडत सांगत होतं.

मग ती उठली. खळ्याच्या शेडात गाडीवर पोती आवळायचा दुसरा जाड दोर होता. तो तिने आणला, उलगडला, चाकावरून घातला. एक टोक विहिरीत सोडलं. दुसरं जनकाबाईच्या हातात दिलं.

"तुमी धरा," ती म्हणाली. "माह्या हाती नका देऊ."

ती चालत खळ्यावर गेली, विहिरीकडे पाठ करून मिरचीच्या ढिगापाशी बसली. खुर्शीदाने दोर धरला, मग बाकीच्यांनी. जनकाबाई सगळ्यांत पुढे होती. भार आला आणि तिच्या खांद्यांतून कळ गेली. चाक फिरू लागलं. निम्म्यावर दोर तिच्या तळव्यात थरथरला. मागून कोणाचा तरी श्वास थांबल्याचं तिने ऐकलं, आणि तो आपलाच आहे हे तिला कळायला वेळ लागला.

"वढा," ती म्हणाली. "वढा वं."

विहिरीच्या काठावर गाळाने माखलेली बोटं आली. तिकडे खळ्यावर चांगुणा देठ खुडत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.